हरलेल्या सामन्यानंतर

खेळात हार-जीत चालायचीच, हे वाक्य आपल्याकडे मुलांना शिकवण्यासाठी राखून ठेवलेले असते. मोठ्यांवर ते लागू पडावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. १ ऑगस्ट २०२४ च्या दिवशी आम्हा सुरतेतील मराठी मंडळींना याचा पुरेपूर प्रत्यय आला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या एका दिवसात सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही आपली जोडी उपान्त्यपूर्व फेरीत गारद झाली आणि पी. व्ही. सिंधूही चीनच्या ही बिंगजियाओकडून सरळ दोन गेममध्ये हरली. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण आता आमच्याही घरांत रुळली आहे; परंतु त्या रात्री सुरतेच्या जेवणालाही चव राहिली नव्हती.

निराशा इतकी खोल का गेली, हे समजून घ्यायचे तर दोन वर्षे मागे जावे लागते. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे आपल्या पुरुष संघाने थॉमस चषक जिंकला. तोपर्यंत चौदा वेळा हा चषक नेणाऱ्या इंडोनेशियाला आपण ३-० असे हरविले. लक्ष्य सेन पहिला गेम ८-२१ असा गमावून जिंकला. सात्विक-चिरागही पहिला गेम गमावून जिंकले. आणि किदंबी श्रीकांतने जोनाथन ख्रिस्तीला नमवून चषकावर शिक्कामोर्तब केले. उपान्त्य फेरी गाठणेच १९७९ नंतर आपल्या वाट्याला आले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ३६ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील बॅडमिंटनचे सामने आमच्या सुरतेत, अठवा लाइन्सच्या इनडोअर स्टेडियममध्ये झाले. जे खेळाडू केवळ दूरदर्शनच्या पडद्यावर दिसायचे त्यांच्या तोडीची मंडळी हाकेच्या अंतरावर खेळताना पाहून आमच्यापैकी अनेकांना आपण या खेळाचे जाणकार झालो असे वाटू लागले. आशा ही अशीच वाढते. तिला खतपाणी कोणी घातले हे मागाहून कोणाला आठवत नाही.

पहिला धक्का पॅरिसच्या आधीच बसला होता. २ मे २०२४ रोजी चीनमधील चेंगडू येथे, गतविजेते म्हणून उतरलेला आपला संघ थॉमस चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत चीनकडून ३-१ असा हरला. या स्पर्धेची रचना ध्यानात घेतली तर त्या पराभवाचे गणित फारसे अवघड नव्हते. एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने; ज्याने आधी तीन जिंकले तो पुढे. म्हणजे एखादा असामान्य खेळाडू किंवा एखादी असामान्य जोडी असून भागत नाही. दुसरी जोडी आणि तिसरा एकेरी खेळाडूही तितकाच दमदार लागतो. एच. एस. प्रणय आणि सात्विक-चिराग यांनी आपापले सामने तिसऱ्या गेमपर्यंत झुंजविले आणि गमावले. लक्ष्य सेनने ली शिफेंगला हरवून धुगधुगी ठेवली. पण दुसऱ्या दुहेरीत आपली जोडी चिनी जोडीसमोर टिकली नाही. लग्नघरात एक आचारी उत्तम असून चालत नाही, वाढप्यांची पंगतही तयार असावी लागते, हे आम्ही जाणतो. संघाच्या बाबतीत मात्र ते सोयीस्करपणे विसरतो.

पॅरिसमध्ये तर वाट पाहण्याचीच शिक्षा झाली. सात्विक-चिराग यांनी मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वुई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम २१-१३ असा जिंकला आणि पुढचे दोन १४-२१, १६-२१ असे गमावले. प्रणय चिकनगुनियातून जेमतेम उठून खेळायला गेला होता. त्याची गाठ उपउपान्त्यपूर्व फेरीत पडली ती लक्ष्य सेनशीच, म्हणजे आपल्यापैकी एक बाहेर जाणार हे ठरलेलेच. मग सगळा भार लक्ष्यवर आला. ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये उपान्त्य फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेनविरुद्ध पहिल्या गेममध्ये २०-१७ आणि दुसऱ्यात ७-० अशी आघाडी असताना तो दोन्ही गेम हरला. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, कांस्यपदकासाठी ली झी जियाविरुद्ध पहिला गेम जिंकून, कोपरातून रक्त येत असताना पट्टी बदलून घेत तो खेळला आणि तेही पदक हातून निसटले. २०१२, २०१६ आणि टोकिओ या तीन ऑलिंपिकांत बॅडमिंटनने आपल्याला पदक दिले होते. या वेळी पाटी कोरी राहिली.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या वस्तीत जे ऐकू आले ते ज्याला त्याला आपापल्या वस्तीत ऐकू आलेच असेल. काहींनी खेळाडूंच्या जाहिराती मोजल्या. काहींनी सरकारी खर्चाचा हिशेब मांडला. उधन्याच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेले आमचे एक खानदेशी स्नेही एवढेच म्हणाले, “वीस झाल्यावर एक लागतो, तोच एक भारी असतो.” बाकीच्या दहा जणांच्या पांडित्यापेक्षा हे एक वाक्य आम्हांस अधिक खरे वाटले. ज्याच्या हाताखाली सूत तुटते त्याला शेवटच्या वाराची किंमत ठाऊक असते.

मौज अशी की, त्याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, भारताचा टेबल टेनिसचा पुरुष संघ चीनकडून ३-० असा हरला. त्या संघात शरथ कमलबरोबर हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे दोघे होते, आणि दोघेही आमच्या सुरतेचे. त्या पराभवावर आमच्याकडे कोणीही जाहिराती मोजल्या नाहीत. उलट, पोरे किती लहानपणापासून खेळताहेत, समोर चीन होता, तिथवर पोचणे हेच थोर, असे सर्वजण एकमेकांना सांगत होते. हा समजूतदारपणा आला कोठून? ज्याचे गाव ठाऊक, ज्याच्या पहाटेच्या सरावाच्या गोष्टी कानावरून गेलेल्या, त्याच्या पराभवाला आपण कारणे शोधतो. आणि ज्याला फक्त पडद्यावर पाहिले त्याच्या पराभवाला दोष शोधतो. सिंधू आणि लक्ष्य हेही कोणाच्या तरी गल्लीतले आहेतच. अल्मोड्यात आणि हैदराबादेतही त्या रात्री कोणीतरी आमच्यासारखेच कारणे शोधत बसले असेल.

याचा अर्थ खेळाडूंना कोणी काही बोलूच नये असा नव्हे. लक्ष्यच्या पराभवानंतर प्रकाश पदुकोण यांनीच, आता खेळाडूंनीही जबाबदारी घेतली पाहिजे, असे स्पष्ट सुनावले. त्यावर उलटसुलट चर्चा झाली. परंतु पदुकोण १९८० साली ऑल इंग्लंड जिंकलेले, पॅरिसमध्ये त्या मुलाच्या मागे बसलेले आणि त्याला घडविणाऱ्यांपैकी एक. घरातल्या वडीलधाऱ्याने कान धरणे वेगळे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने टपली मारणे वेगळे. बोल एकच असले तरी त्यामागचा अधिकार एक नसतो.

या टपल्यांचा आवाज कोठवर जातो याचा एक दाखला येथे नोंदवावासा वाटतो. आमच्या परिचयाच्या एका घरातली बारा वर्षांची मुलगी बॅडमिंटन खेळते. त्या ऑगस्टात ती शाळेच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली आणि तिने घरी ते सांगितलेच नाही. आईला चार दिवसांनी दुसऱ्या मुलीच्या आईकडून कळले. “सांगितलं का नाहीस गं?” असे विचारल्यावर रॅकेटची पकड गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “त्या दिवशी सिंधूताईला सगळे काय काय म्हणाले, ते मी ऐकलं होतं.” त्या घरात तिला कोणी कधी वेडेवाकडे बोललेले नाही. तरीही पराभव ही लपविण्याची वस्तू आहे, एवढा धडा तिने दिवाणखान्यातून उचलला होता.

मराठी वृत्तपत्रे आपल्या बॅडमिंटनपटू मुलींना ‘फुलराणी’ म्हणतात. शटलला आपण फूल म्हणतो, म्हणून हा शब्द चपखल बसला. तो आला बालकवींकडून, आणि बालकवी धरणगावचे, म्हणजे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे. आमच्यातील निम्म्या लोकांच्या मूळ गावांचे शेजारी. एवढा कोवळा शब्द वापरणाऱ्यांनी तो जिंकल्याच्या दिवशीच काढावा आणि हरल्याच्या दिवशी पेटीत ठेवावा, हे काही त्या शब्दाला शोभणारे नाही.

जुन्या वाचकांना सांगलीचे नंदू नाटेकर आठवत असतील. १९५६ साली क्वालालंपूर येथे जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. थॉमस चषकात ते सोळा एकेरी सामने खेळले, त्यांपैकी बारा जिंकले. सोळा दुहेरी खेळले, त्यांपैकी आठ जिंकले. म्हणजे एवढा थोर खेळाडूही देशासाठी खेळताना बारा वेळा हरून कोर्टाबाहेर आला. २०२१ साली ते गेले तेव्हा त्या बारा सामन्यांची आठवण कोणी काढली नाही, आणि ते योग्यच झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा पॅरिसलाच, त्याच क्रीडागारात झाली. उपान्त्यपूर्व फेरीत सात्विक-चिराग यांच्यासमोर पुन्हा तेच चिया आणि सोह आले. या वेळी आपली जोडी २१-१२, २१-१९ अशी जिंकली आणि कांस्यपदक घेऊन परतली. वर्षापूर्वी आठ दिवस बोलणाऱ्या आमच्या वस्तीत या विजयाची चर्चा अर्धा दिवसही पुरली नाही. गणपती बसले होते, मंडळी आरतीच्या गडबडीत होती. त्या दोघांनी मात्र वर्षभर कोणाशी वाद न घालता आपला हिशेब जेथे राहिला होता तेथेच जाऊन चुकता केला. त्या बारा वर्षांच्या मुलीला हे आम्ही मुद्दाम सांगितले. तिने दोन्ही गेमचे गुण विचारले आणि मग हळूच विचारले, “एकोणीस म्हणजे दुसरा गेम जवळजवळ गेलाच होता ना?” आम्ही म्हटले, “हो, जवळजवळ गेलाच होता.”