दोन चाकांचा हिशेब

घाटकोपर पूर्वेच्या एका जुन्या इमारतीच्या आवारात 1986 पासून एक पांढरी प्रीमिअर पद्मिनी उभी असे. गाडी अण्णांची. अण्णा मूळचे सोलापूरचे. धान्य-किराण्याच्या व्यापारासाठी तरुणपणी मुंबईस आले आणि घाटकोपरला स्थिरावले. गाडी घ्यायचे ठरले तेव्हा बाजारात मारुती येऊन दोन-तीन वर्षे झाली होती आणि दोन्ही मुलांचा ओढा तिकडेच होता. अण्णांनी मात्र पद्मिनी पसंत केली. कारण विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “कारखाना आपल्या सोलापूरच्या माणसाने उभा केलेला आहे, आणि घरापासून दोन स्टेशनांवर आहे.”

सोलापूरचा माणूस म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. 1882 साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया देशात घातला. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 सालची. तिचा कारखाना कुर्ल्याला. शेठजी 1953 साली निवर्तले. फियाटच्या परवान्याने कुर्ल्यात तयार होणाऱ्या मोटारीला ‘पद्मिनी’ हे नाव त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सारे जग जिला ओळखू लागले, ती हीच.

अण्णांनी गाडीसाठी एक लाल कापडी बांधणीची वही घातली होती. पेट्रोल, हवा, तेल, दुरुस्ती, सारे तारीखवार. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी काही नियम लिहिले होते. त्यांत एक नियम बहुतेक गाडीमालकांच्या ध्यानीमनीही नसतो: “डिफरन्शियलचे तेल वेगळे. इंजिनाबरोबर त्याचाही विचार करणे. गाडी पाण्यातून गेली तर ताबडतोब बदलणे.”

पद्मिनीचे इंजिन पुढे आणि गती मिळते मागच्या चाकांना. मधला लांब दांडा मागे जिथे संपतो, तिथे दोन्ही चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर डबा असतो. त्याच्या आत क्राउन आणि पिनियन हे दातेरी जोडपे आणि त्यांच्या कुशीत चार लहान दातेरी चाके. हे सारे कशासाठी, असे थोरल्याने एकदा विचारले, तेव्हा अण्णांनी टेप काढून मागच्या दोन चाकांतील अंतर मोजायला लावले. ते सव्वा मीटरच्या थोडे आत भरले. मग त्यांनी खडूने अंगणात दोन अर्धवर्तुळे काढून हिशेब मांडला. गाडी पुरती उलट फिरवली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे पावणेचार मीटर अधिक चालते. वळण लहान असो वा मोठे, फरक तेवढाच. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटले असते. डिफरन्शियल हा फरक सांभाळते. आतल्या चाकाचे जितके फेरे कमी होतात, नेमके तितकेच बाहेरच्याचे वाढतात. एकाचे नावे, दुसऱ्याचे जमा.

“पण वेग वेगळा झाला तरी जोर दोघांना सारखाच वाटला जातो, हे विसरू नका,” अण्णा म्हणाले.

या न्यायाची दुसरी बाजू 1988 च्या पावसाळ्यात दिसली. कुटुंब सोलापूरहून कुंथलगिरीच्या दर्शनाला निघाले होते. बार्शी मागे पडल्यावर समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना डावे मागचे चाक काळ्या मातीच्या चिखलात उतरले. उजवे चाक डांबरावर कोरडे, भक्कम. तरी गाडी जागची हलेना. डावे चाक जागच्या जागी गरगरत होते आणि उजवे स्वस्थ उभे होते. धाकट्याला याचे नवल वाटले. अण्णांनी समजावले: जोर दोघांना सारखा मिळतो, म्हणजेच ज्याची पकड कमी, त्याला पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. घसरणारे चाक जोर घेऊच शकत नाही, म्हणून भक्कम चाकाच्या वाट्यालाही काही येत नाही. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबून उपयोग नसतो. त्यांनी डिकीतील रिकामे बारदान काढून घसरणाऱ्या चाकाखाली कोंबले, क्लच हळूच सोडला आणि गाडी रस्त्यावर आली. त्या दिवसापासून डिकीत दोन बारदाने कायम राहिली.

अण्णा 1999 साली गेले. घाटकोपरचे दुकान आणि गाडी थोरल्याने सांभाळली. कुर्ल्याचे गोदाम धाकट्याकडे आले. व्यवहार एकत्रच राहिला.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. मिठी नदीने कुर्ला आणि कालिना पाण्याखाली घातले. गोदामात तांदूळ, डाळी आणि साखर यांच्या थप्प्या जमिनीवरच रचलेल्या होत्या. फळ्यांचा उंच मांडा करून घे, असे थोरल्याने दोन वर्षे सांगितले होते; धाकट्याने ते पुढे ढकलले होते. बहुतेक सारा माल गेला. घाटकोपरच्या आवारात त्या रात्री गुडघ्याच्या वर पाणी होते. सकाळी थोरल्याने गाडीचे इंजिन उघडून पाहिले, ते कोरडे होते. “आत पाणी गेले नाही, मग काळजी नाही,” असे म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यात गाडी चालवायला घेतली.

दिवाळी जवळ आली. वह्या मिटवायची वेळ झाली. गोदामाचा तोटा धाकट्याच्या खाती टाकायचा आणि पाडव्यापासून व्यवहार वेगळे करायचे, हे थोरल्याच्या मनात पक्के होत चालले होते. हलगर्जी ज्याची, तोटा त्याचा. व्यापारात याहून सरळ न्याय कोणता? धाकटा प्रतिवाद करीत नव्हता. तो दुकानात येणेच कमी करू लागला होता. दोघांत बोलणे उरले होते ते कामापुरते.

त्याच सुमारास गाडीच्या मागच्या अंगाने घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. अॅक्सिलरेटर दाबला की वाढे, सोडला की पालटे. थोरल्याचा मुलगा अंधेरीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता. त्याने आवाज डिफरन्शियलचाच असल्याचे सांगितले आणि एक बेतही मांडला. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवावे. त्यात दोन्ही चाकांमध्ये क्लचच्या चकत्या असतात; एक चाक घसरू लागले की त्या दोघांना काही अंशी जखडतात, आणि भक्कम चाकाला अधिक जोर मिळतो. शर्यतीच्या मोटारींत हे 1930 च्या दशकापासून आहे. “आजोबांचे बारदान लागणारच नाही,” तो म्हणाला. “आधी उघडून तर पाहू,” थोरले म्हणाले. या कामात धाकट्याचा हात बसलेला होता, म्हणून त्याला रविवारी बोलावणे गेले.

धाकटा आला तो अण्णांच्या वेळचे पाने घेऊनच. तेल पातळ होऊन नीट उतरावे म्हणून त्याने आधी गाडी वल्लभबाग गल्लीपर्यंत फिरवून आणली. मग पुढच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. मागची चाके हवेत असताना हँडब्रेकचा भरवसा धरायचा नसतो. जॅकने गाडी उचलून अॅक्सलखाली दोन्ही बाजूंस घोड्या दिल्या. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरायचे नाही, ही अण्णांची ताकीद होती. पुतण्या खालचा बूच सोडायला लागला, तेव्हा धाकट्याने त्याचा हात धरला. “आधी वरचा. भरायचा बूच गंजून अडकला असेल आणि खालून तेल काढून बसलास, तर भरणार कुठून?”

वरचा बूच सुटला. मग खालचा. परातीत जे उतरले ते गिअर ऑइलचे काळपट सोनेरी नव्हते. दुधाळ, कॉफीच्या रंगाचे, फेसाळ असे काहीतरी होते.

तिघेही थोडा वेळ गप्प राहिले. अॅक्सलच्या वरच्या बाजूस एक लहानसे श्वासछिद्र असते. तापलेली हवा त्यातून बाहेर पडते. आणि अॅक्सल पाण्यात बुडून गार झाला, की त्यातून आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. इंजिन कोरडे राहिले, पण त्याहून कितीतरी खाली असलेला हा डबा रात्रभर बुडून होता. तीन महिने पाणीमिश्रित तेलात बेअरिंगे फिरत होती.

थोरल्यांनी आत जाऊन लाल वही आणली. पहिले पान उघडले आणि नियम वाचला. गाडी त्यांच्या ताब्यात होती, वहीही त्यांच्याच कपाटात. धाकटा काही बोलला असता, तर त्याला तो अधिकार होता. तो बुचावरची घाण चिंधीने पुसत राहिला. बुचावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. “हा नेहमीचाच, दादा,” तो म्हणाला. “दाताचे तुकडे नाहीत. क्राउन-पिनियन शाबूत आहे. वेळेवर उघडली म्हणायचे.”

मग त्याने पुतण्याला एक चाक धरायला सांगितले आणि गाडी गिअरमध्ये टाकली. दुसरे चाक हाताने पुढे फिरवले, तसे पुतण्याच्या हातातले चाक मागे फिरू लागले. आतले दाते सुरळीत होते. श्वासछिद्र साफ केले, पिनियनचे सील बदलले. घोड्या काढून गाडी सपाट जमिनीवर आणली आणि मगच नवे तेल भरले. गाडी तिरकी असताना भरलेल्या तेलाची पातळी खोटी. तराजू कललेला असताना केलेल्या वजनासारखी. वरच्या छिद्राच्या कडेवरून तेल ओघळू लागले की पुरे. तेल हायपॉइड दात्यांचे, ई.पी. 90. या दात्यांत घासण फार असते, त्यामुळे साधे तेल तिथे टिकत नाही. उलट या जातीची काही तेले गिअरबॉक्समधील पितळी भागांना मानवत नाहीत. म्हणून एकच डबा दोन्हीकडे ओतू नये. थोडे अंतर चालवून तेही तेल काढले, कारण आत पाण्याचा अंश राहिलेला असतो, आणि पुन्हा ताजे भरले. काढलेले तेल डब्यात बंद करून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपासाठी ठेवले. गटारात ओतले तर पुढे किती जीवांची हानी, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नव्हते.

आवाज कमी झाला, थांबला नाही. पिनियनची बेअरिंगे बदलावी लागणार होती, आणि ते घरचे काम नव्हे. क्राउन आणि पिनियन यांच्यातील मोकळीक मिलिमीटरच्या शतांशांत राखायची असते. ती दोन्ही कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. बदलायची वेळ आली तर जोडीनेच बदलतात. कुर्ल्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी ते काम केले. पुतण्याने त्यांना लिमिटेड स्लिपबद्दल विचारले. ते हसले. पद्मिनीसाठी तसे तयार सामान मिळण्यासारखे नव्हते, आणि घाटकोपर ते कुर्ला धावणाऱ्या गाडीला त्याची गरजही नव्हती. त्यांनी सुधारणा सुचवली ती एकच: खालच्या बुचाच्या जागी लोहचुंबकाचा बूच, म्हणजे झिजलेले कण तिथे धरले जातील आणि पुढच्या खेपेस आतली खबर कळेल. खर्च किरकोळ आला.

पाडव्याला नव्या वह्या उघडल्या. गोदामाचा तोटा थोरल्यांनी दोघांच्या खाती निम्मा-निम्मा लिहिला. धाकट्याने ते पाहिले आणि “दादा, चूक माझी होती,” एवढेच म्हणाला. “पाणी दोघांकडेही शिरले होते,” थोरले म्हणाले. गोदामात उंच फळ्यांचा मांडा त्याच महिन्यात झाला. पैसे घाटकोपरच्या गल्ल्यातून गेले. वाटणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. अण्णांची गाडी आता फार चालत नाही. दुकानाचा माल ईको व्हॅनमधून जातो. तो पुतण्या आज व्यवसाय पाहतो, आणि व्हॅनसाठीही त्याने वही घातली आहे. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते, त्याचे वेगळे तेल बहुधा नसते. पण ईको, टाटा एस यांसारख्या व्यापाऱ्यांच्या वाहनांत ते आजही मागेच, वेगळ्या डब्यात आहे. आणि सर्व्हिसिंगच्या बिलात त्याची ओळ नसली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दर पावसाळ्यानंतर, आणि चाकाच्या मध्यापर्यंत पाणी चढले असेल तर त्याच आठवड्यात, वरचा बूच सोडून बोटाने तेल पाहिले जाते. नोंद होते.

व्हॅनच्या मागे, स्टेपनीपाशी, दोन रिकामी बारदाने घडी करून ठेवलेली असतात.