दोन इंचांचं चौकोनी भोक

अहो, गाडीमागे ट्रेलर जोडायचा गोळा म्हणजे हिच नव्हे! एवढी वर्षं हे मला कुणी सांगितलंच नाही. राहायला जयपूरच्या मालवीय नगरात, झालान्याचं बिबट्यांचं जंगल अगदी शेजारी, इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला सफारीच्या जिप्सींची रोजची ये-जा. दारात उभी थार, नाव इथल्या वाळवंटाचं आणि जन्म आपल्या नाशिकचा. आणि तिच्या मागच्या बंपरखाली मी डोकं घातलं ते आत्ता, परवा-परवा!

तर ऐका. खरी हिच म्हणजे एक आडवी पोलादी तुळई. चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना ती बोल्टांनी जखडायची. मधोमध दोन इंची चौकोनी नळी असते, तिला म्हणतात रिसीव्हर. नळीत दांडा सरकवा, आरपार पिन घाला, क्लिप लावा, संपलं काम! आज ट्रेलरसाठी गोळा, उद्या दोर अडकवायची कडी म्हणजे शॅकल, परवा सायकलींचं स्टँड. थारचं स्टेपनीवालं मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे सायकली लावल्या की ते अडणार, पण पिन काढली की सगळं हातात. काय डोकं आहे!

गोळ्यातही गंमत. एक ५० मिमीचा, दुसरा दोन इंची, म्हणजे ५०.८. फरक नखाएवढाही नाही, पण दोन इंची कपलरमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या टोकाच्या वाटीत, ५०चा गोळा सैल बसतो, त्यामुळे कपलरवरचा आकडा वाचूनच गोळा घ्यायचा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोळ्यावर यावा, असा ढोबळ नियम. फार कमी आला तर ट्रेलर मागे झोके घेतो. फार जास्त आला तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंगवरची पकड जाते.

आणि आता ज्याने माझी झोप उडवली ते. वाळूत रुतलेली गाडी ओढायला गोळ्यात दोर अडकवायचा नाही. कधीच नाही! गोळा बनतो तो ट्रेलरच्या संथ, सलग ओढीसाठी. रुतलेली गाडी उपसताना बसतो तो हिसका. नायलॉनचा कायनेटिक दोर लांबीच्या जवळपास तीस टक्के ताणला जातो आणि ती सगळी शक्ती पोटात धरून ठेवतो. अशा वेळी गोळ्याचा दांडा तुटला की तो दोराबरोबर सुटतो, समोरची काच फोडून आत शिरतो. माणसं दगावली आहेत अशी. म्हणून रिसीव्हरमध्ये शॅकलचा ठोकळा आणि त्यात पाऊण इंची बो शॅकल. त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं, ४.७५ टन. दीड टनापेक्षा जड गाडीला असा आधार हवाच.

बसवण्याचं काम मी गॅरेजमध्ये वाकून, अक्षरशः आडवा पडून पाहिलं. बोल्टाच्या डोक्यावरचा आकडाही बोलतो, हे तिथं कळलं! ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणार आणि पॉइंट आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणार. १०.९ म्हणजे हजार आणि ९० टक्के. पण जास्त आकडा म्हणजे चांगलं असं नाही, हिच बनवणाऱ्याने सांगितलेलाच बोल्ट घालायचा. तुळई जॅकवर उचलली, सगळे बोल्ट आधी हातानं सैल लावले, नळी मध्यावर आणली आणि मगच टॉर्क रेंच. तो ‘कट्’ आवाज ऐकून काय समाधान वाटलं! काही किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. चॅसीवर वेल्डिंग मात्र नको, उष्णतेनं पोलादाचा कस जातो.

खडकाळ उतारावर खाली लोंबणारं काहीही आधी जमिनीला घासतं, तेव्हा तुळई जितकी वर तितकी बरी आणि काम नसताना दांडा काढून ठेवायचा. नंबरप्लेट झाकू नका, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या.

दुकानात गेलात की गोळ्याची चकाकी बघू नका. एवढंच विचारा, ‘बोल्ट कुठे जाणार?’ ‘बंपरमध्ये’ असं उत्तर आलं, तर सरळ बाहेर पडा.