दूर लोटतो तोच चुंबक

८ जुलै
सहावीत आज चुंबक सुरू केला. फळ्यावर काही लिहायच्या आधीच चुंबकपट्ट्या मुलांच्या हातात दिल्या. खिडकीचे गज, बाकाचे खिळे, कंपासपेटी, रुपयाचं नाणं, सगळ्याला लावून झालं. मधल्या सुट्टीत डब्यांची पाळी आली. एकाच्या डब्याला पट्टी चिकटली, शेजारणीच्या डब्याला नाही. दोन्ही स्टीलचेच. "बाई, हिचा डबा नकली आहे?" नकली नाही. स्टीलमध्ये निकेल पुरेसं मिसळलं की आतल्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक त्याला धरत नाही. 'धातू चुंबकाला चिकटतात' असं सरसकट शिकवणं मला पटत नाही, ते यासाठीच. लोखंड, निकेल, कोबाल्ट ओढले जातात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नाही.

९ जुलै
पट्टीवर कागद ठेवून लोहकीस भुरभुरला. टिचकी मारली तसे कण सरकले, दोन्ही टोकांशी ताठ केसांसारखे उभे राहिले. मधला भाग जवळजवळ उघडाच.

११ जुलै
कोडं घातलं. सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्या, एक चुंबक, एक साधं लोखंड. तिसरी वस्तू घ्यायची नाही. ओळखा. टोकाला टोक लावलं की चिकटतात, पण कोण कोणाला ओढतंय ते कळेना. मग मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी मुलगी उठली. एका पट्टीचं टोक तिने दुसरीच्या बरोबर मध्यावर टेकवलं. पकड नाही. अदलाबदल करून पुन्हा टेकवलं, घट्ट चिकटलं. "मधोमध कीस नव्हता ना, बाई! म्हणजे आधी खाली होती ती चुंबक." फार आनंद झाला.
चिकटतं म्हणून चुंबक, असं नाही, लोखंडही चिकटतं. दोन पट्ट्या एकमेकींना दूर लोटतात तेव्हा मात्र दोन्ही चुंबकच. हे वहीत लाल शाईने लिहून घेतलं.

१५ जुलै
पट्टी दोऱ्याने टांगली, दक्षिणोत्तर स्थिरावली. लगेच प्रश्न: सजातीय ध्रुव लोटतात, मग चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे कसा? कारण पृथ्वीला मोठा चुंबक मानलं तर त्याचा दक्षिण ध्रुव भौगोलिक उत्तरेच्या बाजूला येतो. हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारावा असं मनात होतंच.

१८ जुलै
होकायंत्र लोखंडी कपाटाशी नेलं, सुई भरकटली. त्यावरून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगितली. आधी ही मोजमापं मुंबईत कुलाब्याला होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, जुनी मोजमापं नव्यांशी जुळवता यावीत म्हणून. उपकरणांच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. "खिळेसुद्धा नाहीत?" वर्ग थक्क. आणि लगेच आपापल्या अंगावरच्या लोखंडाची झडती सुरू झाली: पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना, दप्तराची चेन.