पत्रिकांच्या टोपल्या



गेल्या चातुर्मासात आमच्या मंडळात वाटलेल्या कागदी टोपल्या कशा केल्या, असं बऱ्याच जणी विचारताहेत. कृती सांगतेच, पण आधी त्या का केल्या ते ऐका.

चातुर्मासात आमच्याकडे दुपारची चौबीसी असते. दर आठवड्याला एकीचा नंबर, आणि शेवटी प्रभावना. पूर्वी बत्तासे नाहीतर एक रुपया असायचा. मग कोणी स्टीलची वाटी दिली, पुढच्या वर्षी डबा, त्यानंतर हवाबंद झाकणाचा डबा. देणारीचा भाव चांगलाच असतो, मी नावं ठेवत नाही. पण 40 बायकांना 40 डबे प्रत्येकीला कसे झेपणार? आमच्यातल्या एका भाभींच्या घरचं दुकान बंद झालं आणि त्यांचं येणं कमी झालं. विचारलं की म्हणायच्या, "गुडघे दुखतात हो." त्यांचा आवाज सगळ्यांत मोकळा. त्या नसल्या की स्तवन मध्येच रेंगाळायचं. त्यांचा नंबर तीन आठवड्यांवर आला होता.

माझा नंबर त्यांच्या आधी होता. कपाटात लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला. इतका जाड, सुंदर कागद रद्दीत घालायला हात धजत नाही, ठेवावा तर नुसता परिग्रह! त्याच्या टोपल्या करायचं ठरवलं.

नवकार मंत्र किंवा अष्टमंगल छापलेला भाग आधी कापून बाजूला काढायचा. त्यावर कात्री, घडी, पाय, काही पडू नये. (ते तुकडे अजून डब्यात आहेत. त्यांचं काय करावं, तुम्ही सुचवा.) उरलेल्या भागातून 15 सेंटिमीटरचा चौकोन काढा. दोन्ही बाजूंनी 5-5 सेंटिमीटरवर रेघा आखा, म्हणजे नऊ घरं होतात. रेघांवरून संपलेली रिफिल पट्टी धरून दाबून ओढा. हे टाळलंत तर घडीवर जाड कागद फुटतो, सोनेरी छपाई तर हमखास. आता समोरासमोरच्या दोन कडांवरून आत, पहिल्या आडव्या रेघेपर्यंत दोन-दोन काप द्या. भिंती उभ्या केल्या की कोपऱ्यांची घरं आत वळून एकमेकांवर बसतात.

इथे सगळ्या जणी गोंद काढतात. मी खळ वापरत नाही. कणकेच्या खळीला दमट दिवसांत किडे लागतात, आणि मग ती टोपली झटकताना जीव जातात. त्यापेक्षा जिथे तीन थर आलेत तिथे दीड सेंटिमीटरची आडवी चीर द्या. दांडीची पट्टी तेवढीच रुंद, 22 सेंटिमीटर लांब, पण टोकं बाणासारखी थोडी रुंद ठेवायची. टोक किंचित दुमडून चिरेतून आत घातलं की आत उघडतं आणि अडकतं. दांडीनेच टोपली धरून ठेवली जाते.

आत खडीसाखर आणि एक रुपया. तेलकट काही घालू नका, डाग पडतात.

वाटताना एक काकू म्हणाल्या, "कागदाची प्रभावना? घरात काही कमी आहे का गं?" मी म्हटलं, "पत्रिका फार साठल्या होत्या, काकू." त्यांनी टोपली फिरवून पाहिली. त्यांच्याच नातवाच्या लग्नाची पत्रिका निघाली ती! मग काय, शेजारणीला दाखवत बसल्या.

त्या भाभी त्या दिवशी आल्या नव्हत्या, म्हणून त्यांची टोपली मी घरी पोचवली. काही बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "भाभी, ही उलगडून पाहिली. दांडी काढली की सगळी सुटते की हो! तुमच्याकडे पत्रिका उरल्यात का?" मी पिशवीभर दिल्या.

त्यांच्या नंबराच्या दिवशी 40 टोपल्या ताटात मांडलेल्या होत्या, माझ्यापेक्षा सुबक, दांडीवर बारीक कातरकाम केलेलं. चौबीसी त्यांनीच सुरू केली. पुढच्या आठवड्यात आणखी एकीने टोपल्याच केल्या. एकीने डबे दिले, तेही आम्ही आनंदाने घेतले.

यंदा माझ्याकडे पत्रिका संपत आल्यात. चातुर्मासात लग्नं नसतात, नव्या पत्रिका येतील त्या कार्तिकानंतरच. तुमच्याकडच्या जाड कागदाच्या टाकू नका, मला कळवा. पातळ कागदाच्या नकोत, त्यांची दांडी टिकत नाही.