कागद कोणत्या महिन्याचा?

आपल्या घरांतून सणाचे देणे नेहमी थोरांकडून धाकट्यांकडे येते. नव्या कपड्यांपासून फटाक्यांपर्यंत सारे काही वडीलधाऱ्यांनी आणावे आणि मुलांनी पाया पडून ते घ्यावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मुलाच्या मनातही कोणाला काही द्यावेसे येत असेल, हा विचार आपण सहसा करीत नाही.

म्हणूनच शहापुरातील एका मराठी शाळेने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दोन दिवस मुलांसाठी छोटेखानी दुकान मांडण्याचे ठरविले, तेव्हा आम्हा पालक महिलांना त्याचे मोठे अप्रूप वाटले. मुलांनी आपापल्या साठवणीतून घरच्यांसाठी काही घ्यावे, अशी योजना होती. पणत्या, उटण्याच्या पुड्या, हातरुमाल, कंगवे, केसांचे चाप असा माल होता. किमती पाच रुपयांपासून तीस रुपयांपर्यंत. आम्हा सातजणींच्या वाट्याला एकच काम आले, ते म्हणजे घेतलेली वस्तू कागदात बांधून देणे.

भेटीच्या कागदाचा धंदा तसा फार जुना नव्हे. १९१७ साली नाताळात अमेरिकेतील कॅन्सस सिटी गावी हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ कागद संपला, म्हणून त्यांनी पाकिटांच्या आतून लावण्याचा नक्षीदार कागद विकायला काढला, आणि तो हातोहात खपला. जपानात मात्र भेट ‘फुरोशिकी’ नावाच्या चौकोनी कापडात बांधून नेण्याची चाल त्याहून पुष्कळ जुनी. आणि आपण तरी काय करीत होतो? किराणा दुकानदाराचा पुडा आठवावा. छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून, दोन वेढे देऊन, एका झटक्यात तोडणारे ते हात! डिंकाची चिकटपट्टी नाही, कात्री नाही. पण साखरेचा दाणा सांडेल तर शपथ.

बांधणावळ दोन रुपये घ्यावी, अशी सूचना बैठकीत आली होती. आम्हांला ती पटली नाही. पाच रुपयांच्या चापांना दोन रुपयांचे वेष्टन म्हणजे काय हिशेब! शिवाय एकाने चकचकीत कागद घ्यावा आणि दुसऱ्याने वस्तू तशीच दप्तरात कोंबावी, हे डोळ्यांना बरे दिसले नसते. तेव्हा सर्वांना एकच खाकी कागद, तोही फुकट, असे ठरले. फितीऐवजी रंगीत सुताचे तुकडे घेतले. शहापूर, वडगाव, खासबाग हा मागांचा भाग. सूत मागितले आणि पिशवीभर आले. चिकटविण्यासाठी घरीच खळ शिजविली. विणकर सुताला देतात तीही खळच, हे आमच्यातील एका सासुरवाशिणीला तेथेच प्रथम कळले!

पहिल्या दिवशी मुलांची रीघ लागली. कागदाच्या मध्यावर वस्तू ठेवायची, कडा दोन बोटे एकमेकींवर येतील इतका कागद घ्यायचा, टोकांचे त्रिकोण आत दुमडायचे. पणतीला मात्र कागद बसेना. तिला आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवावी लागे. प्रत्येक पुडीवर नावाची चिठ्ठी. ‘आई’, ‘आज्जी’, ‘अण्णा’, एकीवर ‘अव्वा’. मूल सांगेल तेच आम्ही लिहीत होतो. ‘काकू, आईला कळणार नाही न्हवं?’ हा प्रश्न तर किती वेळा कानी पडला असेल!

दुपारी पाचवीतला एक मुलगा रांगेत दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने खिशातून टाचांच्या भेगांवरील मलमाची डबी काढली. औषधाच्या दुकानातून आणलेली. ‘हे इथलं नव्हे. चालतंय काय?’ वडील दिवसभर मागावर उभे असतात, एवढेच तो पुढे म्हणाला. दुकानातल्याच वस्तू बांधाव्यात, असा नियम होता. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि डबी बांधून दिली.

विक्रीच्या टेबलावरच्या बाईंनी हसत इशारा दिला होता, ‘उद्या सगळी घरून आणतील बघा.’ तसेच झाले. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे तुरळक गर्दी आणि आमच्यापुढे रांग. कोणी काढलेले चित्र, कोणी स्वतः ओवलेली मण्यांची माळ, कोणी आजोबांच्या चष्म्यासाठी वळलेली दोरी. एका मुलीने घडी केलेले पत्र आणले होते आणि ते वाचायचे नाही, अशी आम्हा सातजणींना ताकीद दिली. दुकानाचा माल आम्ही मोठ्यांनी निवडला होता. घरी नेमके काय हवे आहे ते मुलांना ठाऊक होते. त्यांना हवा होता तो फक्त कागद.

आणि कागदच संपला! मग घरोघरी निरोप गेले, तेव्हा जुन्या ‘कालनिर्णय’ची पाने आली. एका बाजूला तारखांचे चौकोन, दुसऱ्या बाजूला लेख नि पाककृती. आम्हांला वाटले, मुले नाक मुरडतील. छे! आईचा वाढदिवस ज्या महिन्यात, तेच पान हवे, तेही तारीख बरोबर वर येईल असे, असा हट्ट सुरू झाला. मलमाची डबी नेलेला तो मुलगाही आईसाठी रिकाम्या कांड्यांचा केलेला कंदील घेऊन पुन्हा आला. त्याला जूनचे पान हवे होते. जूनची पाने तोवर संपलेली. शेवटी एकजण धावत घरी गेली आणि देवघरातल्या फडताळाला अंथरलेले पान ओढून घेऊन आली. त्यावर तेलाचा डाग होता. त्याने तो पाहिला, तारीख शोधली आणि म्हणाला, ‘चालतंय. डाग आतल्या बाजूला घ्या.’