गुड्डीच्या धाकट्या बहिणी

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आमच्याकडे फोंड्याला आली होती. वय वर्षे पंधरा. दुपारी फणसाचे गरे खातखात तोंडासमोर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. "कसलं गं पुस्तक?" विचारलं, तर म्हणाली, "तुला नाही आवडणार मावशी. साधी मुलगी आणि फेमस मुलगा, एवढंच."

झालं! मला माझं शाळेचं दप्तर आठवलं. त्यात एका नटाला लिहिलेलं चार पानी पत्र होतं. घरामागची विहीर, पावसात गळणारं छप्पर, गणिताची भीती, सगळं त्यात होतं. ते मामाच्या हाती लागलं. त्याने रात्री पंगतीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. त्यानंतर कित्येक वर्षं मी एक ओळ लिहिली नाही.

आमच्या पिढीला अशा वेडावर एकच औषध ठाऊक होतं, हृषिकेश मुखर्जींचा १९७१ सालचा 'गुड्डी'. शाळकरी गुड्डी धर्मेंद्रवर जीव टाकते. मग मोठी माणसं खुद्द धर्मेंद्रच्याच मदतीने तिला स्टुडिओतला खोटेपणा दाखवतात आणि मुलगी ताळ्यावर येते. सिनेमा गोडच आहे. पण गुड्डीला 'बरं' करायचं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात!

भाची झोपली तसं मी ते पुस्तक हळूच उचललं. झोई सगची 'गर्ल ऑनलाइन', २०१४ सालची. ब्रायटनची पेनी न्यूयॉर्कला जाते, तिथे नोआ भेटतो. तो नावाजलेला गायक आहे हे तिला फार उशिरा कळतं. मग भाचीनेच मेग कॅबटची 'टीन आयडॉल' (२००४) वाचायला दिली. त्यात इंडियानातल्या गावच्या शाळेत एक हॉलिवूडचा नट वेश पालटून येतो. त्याला सांभाळायचं काम जेनीकडे. गंमत म्हणजे ती शेवटी त्याच्या नव्हे, शाळेच्या वर्तमानपत्राच्या संपादकाच्या प्रेमात पडते!

एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. या दोघी मुली लिहितात, आणि नाव लपवून लिहितात. पेनी ब्लॉग लिहिते, जेनी शाळेच्या अंकात सल्ल्याचं सदर चालवते. म्हणजे या मुलींना हवा असतो तो हिरो की आपलं म्हणणं मनापासून ऐकणारं कुणी? हिरो बहुधा निमित्त असावा. माझ्या पत्रातही त्या नटाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या.

आणखी एक. 'गर्ल ऑनलाइन' पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ७८ हजारांवर खपली. पण लेखिका स्वतःच यूट्यूबवरची तारका. ते पुस्तक तिने एकटीने लिहिलेलं नाही, हे पुढच्याच महिन्यात प्रकाशकांनी मान्य केलं. म्हणजे इथेही पडद्यामागे नाव न लावता लिहिणारं कुणी होतंच!

जायच्या आदल्या दिवशी भाचीला विचारलं, "तूही लिहितेस ना काही?" कानापर्यंत लाल झाली. रात्री हळूच मोबाईल पुढे केला. "हसणार नाहीस ना?"

मी चष्मा शोधला. गोष्टीतला मुलगा फुटबॉलपटू होता, फार प्रसिद्ध. पण पहिल्या दोन पानांत त्याचा पत्ताच नव्हता. तिथे होती आमच्या घरामागची विहीर.

मी हसले नाही. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं.