आधी मावशीचे घर

बदलीच्या नोकरीतील माणसाला नातेवाइकांची खरी किंमत दोन प्रसंगी कळते. एक, घरात दीर्घ आजारपण आले म्हणजे. आणि दुसरा, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला म्हणजे. माझ्या वडिलांची तीन वर्षांत तीन गावे झाली, तेव्हा त्यांनी मला सांगलीस मावशीकडे ठेवले. दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे राहत होतो. ते घर माझ्या संगोपनास योग्य आहे की नाही, हे पाहावयास सरकारचा कोणी माणूस आला नाही. आपल्यापैकी पुष्कळांची शाळकरी वर्षे अशीच मामाकडे, आत्याकडे किंवा आजीकडे गेली असतील. या व्यवस्थेला आपण कधी नाव दिले नाही. तशी गरजच भासली नाही.

नाव द्यावे लागते ते गरिबाचे मूल उघड्यावर पडते तेव्हा. मग त्याची फाईल होते. मध्य प्रदेशातील एका जिल्ह्यात काम करताना अशा फायली माझ्या टेबलावरून जाऊ लागल्या आणि २०१५ चा बाल न्याय अधिनियम मी प्रथमच नीट वाचला. निराधार सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल व्हावा आणि चार महिन्यांत समितीने अखेरचा निर्णय द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक तत्त्व सांगितले आहे: संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. दत्तकविधानापुरती ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्याही त्यात आहे. काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडची आजी-आजोबा, ही ती यादी. इंग्रजीत एका शब्दात मावणारे काका-मामा वेगळे दाखविण्यासाठी कायदेकारांना ‘पितृपक्षाचा’, ‘मातृपक्षाचा’ अशी विशेषणे जोडावी लागली, हे पाहून मला हसू आले.

हा विचार केवळ आपल्याकडचा आहे, असे मात्र नाही. इंग्लंडात मुलाची जबाबदारी सरकारकडे सोपविणारा हुकूम न्यायालयाकडून घ्यावा लागतो. तिथल्या १९८९ च्या बालक कायद्यात आज असा दंडक आहे की, आई-वडिलांकडे परत देता न येणाऱ्या मुलासाठी परक्या घराच्या आधी नातेवाइकांचा व परिचितांचा विचार व्हावा. त्याच वर्षी न्यूझीलंडने आणखी एक पाऊल टाकले. सरकारी निर्णयाआधी साऱ्या गोतावळ्याने एकत्र बसून मुलाचे काय करायचे ते ठरवावे, अशी बैठकच कायद्यात आणली. तिच्या मुळाशी ‘फानाऊ’ ही माओरी लोकांची विस्तृत कुटुंबाची कल्पना आहे.

परंतु तत्त्व आणि टेबल यांत अंतर असते. दोन भावंडांची फाईल मला आठवते. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. आई वारलेली, बाप परागंदा. ‘नातेवाईक’ या रकान्यात ‘माहिती नाही’ असा शेरा होता. मुलगी मात्र विचारील त्याला सांगत होती की, तिला मौसी आहे. तिला गावाचे नाव नीट सांगता येत नव्हते. पण घरासमोर हातपंप आहे आणि मौसी विड्या वळते, एवढे ठाऊक होते. एका तरुण कार्यकर्तीने तेवढ्यावरून शोध काढला. मौसी आली. मग गृहभेटीचा अहवाल आला: एकच खोली, शौचालय नाही, उत्पन्न अनियमित, सबब अयोग्य. बालगृहात खाट होती, दूध होते, दिवा होता. कागदावर तुलना केली, तर बालगृहच सरस ठरत होते.

अहवालात खोली मोजली होती. पण मौसीला पाहताच धाकट्याने तिचा पदर धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही, हे लिहिण्यास रकाना नव्हता. समितीने ते पाहिले, हे तिचे शहाणपण. मुले देखरेखीखाली मौसीकडे गेली आणि अर्थसाहाय्यही मंजूर झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे दरमहा ४००० रुपये ठरलेले आहेत. पैसे यायला मात्र कित्येक महिने लागले. त्या बाईने मला एकच प्रश्न विचारला: हे पैसे पुढे कोणी परत मागणार नाही ना? घेण्यापूर्वीच परतफेडीची धास्ती बाळगणाऱ्या त्या स्त्रीपुढे मला आपल्या साऱ्या परिपत्रकांची लाज वाटली.

नातेवाइकांचे घर म्हणजे नंदनवन, असेही मला म्हणायचे नाही. पोरक्या मुलाकडून घरकाम उपसून घेणारे, त्याच्या वाट्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे आप्त आपण पाहिलेले आहेत. शिवाय नात्यांनी दारे लावून घेतली, म्हणूनच आश्रमांचा जन्म झाला. पंढरपुरात १८७५ साली अनाथ बालकाश्रम निघाला, त्यामागे लालशंकर उमियाशंकर हे न्यायखात्यातील गुजराती अधिकारी होते. बदलीवर आलेल्या त्या परमुलखातील माणसाने आमच्या तीर्थक्षेत्री टाकलेल्या अर्भकांना आसरा दिला. अशा संस्थांपुढे आपण नम्रच असले पाहिजे.

तेव्हा वाद मावशी की आश्रम, असा नाही. प्रश्न आहे तो आधी कोणाला विचारायचे, हा. आणि त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न, विचारल्यानंतर तिला एकटे सोडायचे काय, हा. बालगृहातील मुलावर खर्च करताना सरकारला संकोच वाटत नाही. तेच मूल मावशीने नेले की खर्च वाचला, असे आपण मनात धरतो आणि प्रेमाचे नाव पुढे करून तिच्या गरिबीवर एका तोंडाचा भार टाकतो. नाते हे मुलाचे धन आहे. सरकारची बचत नव्हे.

परमुलखात खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या बांधवांपैकी कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर अशी फाईल येईलच. समोरच्या मुलाची भाषा आपली नसेल. तरी ‘माहिती नाही’ या शेऱ्याखाली सही करण्यापूर्वी ती परत पाठवावी आणि मुलाला पुन्हा एकदा विचारावयास सांगावे: तुझ्या घरासमोर काय होते? सणाला तुम्ही कोणाकडे जात होता? उत्तर मिळेल ते मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शोधाला पुष्कळदा तेवढे पुरते.